चटईएवढा मळा

मलकाबाई किहीमकर लग्न होऊन मालवणात आली, आणि महिना व्हायच्या आत तिचं नाव पडलं ‘शनवारबाय’.

झालं असं, की पहिल्याच शनिवारी मेढ्यातल्या, म्हणजे त्यांच्या वाडीतल्या, बायकांनी बघितलं, नव्या बिऱ्हाडाची चूल पेटतच नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. बाई मजेत बसलीय, नवरा मजेत बसलाय, आणि चूल थंडगार! बायकांनी आपसांत ठरवून टाकलं, हिचं शनीचं काहीतरी कडक व्रत असणार. पुढच्या शनिवारी दोघीतिघी तेलाची वाटी आणि काळे उडीद घेऊन दारात हजर.

“अहो, हे काय?”

“त्याल. तुमच्या द्येवाक.”

मलका आधी नुसती बघत राहिली आणि मग अशी हसली, की वईपलीकडच्या, कुंपणापल्याडच्या, कोंबड्या बिचकल्या. “बायांनो, आमचे वाडवडील तेलीच! अलिबागेकडे घाणे होते त्यांचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनवार तेली. आणि तेल्याच्या सुनेला तुम्ही तेल वाहताय?”

मलका आणि तिचा नवरा सॅमसन हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी चूलसुद्धा पेटवायची नाही. सॅमसन बंदरावरच्या कस्टमच्या नाक्यावर कारकून होता. बदली झाली आणि दोघं मालवणात आली. इथे त्यांच्या लोकांचं दुसरं घर नव्हतं, आणि त्यांची मशीद (प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणत) पार तिकडे अलिबागेला, मुंबईला. सण आला की सॅमसन मुंबईहून मागवलेलं पंचांग काढून तारीख सांगायचा. बाकी सगळं मलकाने एकटीने उभं करायचं. देवाची भीती तिला नव्हती, देव ओळखीचा होता. भीती एकटेपणाची होती.

ती पहिल्या वर्षी खिरीच्या सणाला कळली.

यहुद्यांचं वर्ष पावसाच्या शेवटाला सुरू होतं. तो नव्याचा सण. तो संपला की लगेच एक दिवस नव्याचा रोजा, पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंत अन्नपाणी बंद. आणि रोजाच्या दुसऱ्या दिवशी खिरीचा सण. नव्या भाताची खीर, नारळाच्या रसातली. उदाचा धूर करायचा, प्रार्थना म्हणायची आणि मग वाट्या भरायच्या. मलकाच्या सासूने, रिबकाबाईने, तिला मालवणला पाठवताना एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती. “पहिली वाटी उंबऱ्याबाहेरच्या माणसाची. ती गेली की वर्ष चालू झालं. ती घरातच राहिली तर वर्ष अडलं म्हणून समज.”

आता अलिबागेकडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की चार माणसं आडवी यायची. मालवणात मलका वाटी हातात धरून वईपाशी उभी राहिली. कुणाला हाक मारायची? कुणी घेईल? खीर निवत चालली. आणि पलीकडून शेजारच्या यशोदेने, बुटकी, खणखणीत आवाजाची, कपाळभर कुंकू लावलेली यशोदा, माडाच्या झावळ्या ओढता ओढता विचारलं,

“काय गो ता वाटयेत?”

“खीर. आमचा सण आहे. तुम्ही... तुम्हाला चालेल?”

“नारळाच्या रसातली आसा?”

“हो.”

“मगे उभी कित्याक? हाड हयसर!”

‘हाड’ म्हणजे ‘आण’, हे मलकाला एव्हाना कळत होतं. आणि तिथल्या तिथे, झावळी बगलेत धरून, यशोदेने वाटी तोंडाला लावली. मिशी उमटेपर्यंत प्यायली. “गॉड कमी आसा,” म्हणाली, “पण हात बरो आसा तुझो.”

वर्ष चालू झालं. त्यानंतर दर वर्षी पहिली वाटी यशोदाबायची. त्याची परतफेड यशोदा चतुर्थीला करायची. मलका देवापुढे ठेवलेला नैवेद्य खात नाही हे कळल्यावर यशोदेने एका शब्दाने वाद घातला नाही. मोदक उकडून उतरले की नैवेद्याचं ताट भरायच्या आधी पाच मोदक ती केळीच्या पानाखाली बाजूला काढायची. “हे मलकाचे. ह्यांका कोणी हात लावशात तर बघा!” मग आरती. मग ते पाच मोदक वईवरून पलीकडे.

एक गोष्ट मात्र मलकाला टोचायची, तांदूळ बाजारचे. खीर नव्या भाताची हवी, आणि त्यांना शेत कुठलं? तिसऱ्या वर्षी तिने कुदळ उचलली, विहिरीपाठची कातळाजवळची जागा खणली आणि मूठभर हळवं, लवकर पिकणारं भात पेरलं. कळशी उपसताना सांडणारं पाणी त्याला जायचं. एक चटई अंथरावी एवढी ती जागा. सगळा मेढा हसला.

“मलकाबाय, मळ्यात गडी किती लावलंस?” यशोदेचा नवरा महादू जाता येता विचारायचा.

“पाच!” मलका हाताची बोटं दाखवायची.

दर वर्षी त्या चटईतून दोन ओंजळी तांदूळ निघायचे. ते बाजारच्या तांदळात मिसळले की खीर नव्याची झाली.

एकोणीसशे एकसष्ट साली मात्र गोंधळ झाला. एरवी मलकाचा रोजा यायचा नवरात्रात, यशोदेच्या घटाच्या तिसऱ्या दिवसाच्या आगेमागे. दोघी उपाशी, दोघी वईच्या दोन बाजूंना, भुकेच्या गजाली मारत. त्या वर्षी सॅमसनने पंचांग उघडलं आणि म्हणाला, “अगं, रोजा बुधवारी आला. चतुर्थीला!”

“गणपतीच्या दिवशी?”

“त्याच दिवशी.”

“म्हणजे मोदक...” मलका मटकन बसली.

सांगून ठेवायला हवं होतं. पण नव्याच्या सणाची गडबड, तिकडे यशोदेकडे माटी बांधायची गडबड. माटी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. मुंबईहून यशोदेची नणंद हौसाबाई आलेली. बोलणं राहूनच गेलं.

चतुर्थीची दुपार. काय ती दुपार! वाडीत घरोघर झांजा. एका घरची आरती संपायच्या आत दुसऱ्या घरची सुरू. उकडीचा, तुपाचा, हळदीच्या पानांचा वास वईतून घुसतोय आणि मलका पहाटेपासून कोरड्या तोंडाने विहिरीपाठी बसून आपल्या चटईतली कणसं कापतेय. भात असं पिवळंधमक झालेलं, की हातात घेताना तिलाच हसू येत होतं. पोटात कावळे आणि ओंजळीत सोनं!

“मलका! गो मलका!” यशोदा आली. हातात केळीच्या पानाखाली वाफाळणारे पाच मोदक. मागोमाग हौसाबाई, नाकात मोत्यांची नथ, डोळ्यांत सगळं टिपायची हौस.

“हौसावन्सं, आता बघा,” यशोदा फुशारकीने म्हणाली, “माझ्या हातचो मोदक पयलो कोण खाता ता. घे गो, गरम आसा.”

मलका उठली. पदराला हात पुसले. “बाय... आज नको. आज माझा रोजा आहे.”

“खयचो रोजो?”

“नव्याचा.”

“तुझो रोजो घटात येता! माका शिकवतंस?”

“यंदा आधी आला. तुमच्यात अधिक महिना घुसला ना जेठात? तुमचं सगळं पुढं सरकलं, आमचं होतं तिथेच राहिलं.”

हौसाबाई खाकरली. “वयनी, मी काल काय म्हटलेलं? आपल्या द्येवाच्या दिवसाचा त्यांका चलाचा नाय. सरळ कसा सांगतील? मगे रोजो काढायचो.”

“तसं नाही हो!” मलका म्हणाली.

“दर वर्सा खाल्लंस,” यशोदेचा आवाज चढला. “दर वर्सा! आणि आज, माझी नणंद बघता हा, तर आज रोजो?”

“रात्री खाते. चांदण्या दिसल्या की पहिला घास हाच. ठेवून जा.”

“रातीक मोदकाचे धोंडे जातत! मोदक काय रातीक खातत?” यशोदेने पानासकट मोदक विहिरीच्या कट्ट्यावर आपटले. जायला वळली आणि परत फिरली. “आणि आयक. उद्या तुझी ती खीर हाडू नको. उद्या माझी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचा माका चलना नाय.”

आणि गेली. हौसाबाईची नथ तिच्यामागे हलत गेली.

मलका तशीच उभी. ऋषिपंचमी! हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी बायका बैलाने नांगरलेल्या जमिनीतलं काही खात नाहीत. तांदूळ नाही, गहू नाही, डाळ नाही. परसातलं अळू, भेंडी, भोपळा एकत्र शिजवून तेवढंच. म्हणजे उद्या मेढ्यातली एकही बाई खिरीला तोंड लावणार नाही.

“मग महादूला दे,” सॅमसन म्हणाला. “पुरुषांना कुठे पंचमी असते?”

“महादूभाऊंना देऊ? आणि ती वईआड उभी राहून बघेल?”

“पोस्टमनला दे.”

“सॅमसन, तुला कळत नाही. पहिली वाटी तिची आहे. ती नाही घेणार तर मी शिजवणारच नाही.”

“आणि वर्ष?”

“अडू दे!” मलका म्हणाली.

पण हात थांबेनात. शिजवायची नाही म्हणाली आणि कांडायला बसली! दर वर्षी कांडायची यशोदेच्या पडवीतल्या व्हायनात, जमिनीत पुरलेल्या त्या दगडी उखळात. आज तिथे कोण जाणार? तिने घरातला पितळी खलबत्ता काढला. टण्! टण्! टण्! मूठ मूठ भात घालायची, कांडायची, पाखडायची. घसा कोरडा, डोकं भणभणलेलं. पलीकडे फुगड्या रंगल्या होत्या. फुगडीवाल्यांचा ताल चुकेल एवढा तो खलबत्ता वाजत होता.

“काय चल्ला हा गो तिचा?” पलीकडून हौसाबाईचा आवाज.

“वाजवूंदे,” यशोदा. “आपणाक काय?”

टण्! टण्! टण्!

सूर्य किल्ल्यापाठी समुद्रात उतरला. आता फक्त चांदण्या. तीन दिसल्या की रोजा सुटला. मलका विहिरीच्या कट्ट्यावर चढली आणि मान वर केली, तोच पलीकडून किंकाळी आली.

“मान खाली घाल! मलकाऽऽ! मान खाली घाल मेल्ये!”

यशोदा! वईतल्या फटीतून अर्धी घुसलेली, हातात भलंमोठं सूप.

“काय झालं?”

“आज चवथ! चंद्र बघशीत! आज चंद्र बघलो तर खोटो आळ येता माणसार!”

“आळ?” मलका कट्ट्यावरून म्हणाली. “बाय, चंद्र न बघताच आला की दुपारी!”

यशोदेचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं. मग, मागून हौसाबाई येत असतानाच, ते फिस्सकन फुटलं. हसू आवरेना. पण सूप तिने खाली ठेवलं नाही. कट्ट्यापाशी आली आणि पश्चिमेकडे सूप आडवं धरून उभी राहिली.

“बघ आता. उगवतीक बघ. हकडे मी आसय.”

“तुझी चूल?”

“चुलीक आग लागूंदे. बघ.”

आता तिघींच्या माना उगवतीकडे. ढग धावत होते. माडांच्या शेंड्यांतून एक चांदणी लुकलुकली.

“ती एक!” मलका ओरडली.

“थयसर दुसरी!” हौसाबाई ओरडली, आणि आपण ओरडलो म्हणून स्वतःच दचकली.

तिसरी काही दिसेना. ढग आला. यशोदेचे हात भरून आले, सूप थरथरायला लागलं.

“कसलो गो ह्यो रोजो तुझो?” ती म्हणाली. “कोणासाठी?”

“गदल्यासाठी.” मलका वर बघतच बोलू लागली. “आमचं येरुशलेम शत्रूने जाळलं. राजा नेला, माणसं नेली. जी गरीबगुरीब मागे राहिली त्यांच्यावर गदल्या नावाचा मुखत्यार नेमला. भला माणूस. लोकांना म्हणाला, भिऊ नका, शेतं करा, द्राक्षं काढा, घरात राहा. लोक परत आले. पीक आलं. मग एक दिवस आपल्यातलाच एक मोठ्या घरचा माणूस त्याच्याकडे पाहुणा आला. लोकांनी गदल्याला आधीच सांगितलं होतं, तो तुला मारायला टपलाय. हा म्हणाला, उगाच कुणाबद्दल वाईट बोलू नका. त्याला पंगतीला बसवलं, जेवू घातलं. आणि जेवता जेवता तो उठला आणि त्याने...”

“पंगतीत?” यशोदा किंचाळली. सूप खाली आलं आणि झटकन परत वर गेलं. “पानार बसून? ज्याचा खाल्ल्यान त्याका?”

“त्यालाच.”

“मुडदो बशिवलो त्याचो! पंगतीत मारता माणूस? अगो, वैऱ्याक सुद्धा पानावरसून उठवनत नाय!”

“त्याच्यासाठी हा रोजा. घासाच्या पापासाठी. म्हणून दुपारी तुझा मोदक...”

यशोदेने सूप आणखी वर धरलं. हौसाबाईने नथ सारखी केली. तेवढ्यात ढग सरकला.

“तीऽऽन!” मलकाने कट्ट्यावरून उडी मारली. “झाली! तीन झाल्या!”

“पाणी घे आधी!” यशोदेने सूप टाकून कळशी उचलली आणि मलकाच्या ओंजळीत धार धरली. मग पानाखालचा मोदक. थंड, वातड, कडेने वाळलेला. मलकाने तो डोळे मिटून खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा खाताना म्हणाली, “धोंडाच झालाय गं खरा!”

“सांगललय मा?” यशोदा म्हणाली, पण तिचे डोळे दुसरीकडेच लागले होते. कट्ट्याच्या कोपऱ्यात, पसरट ताटात, कांडलेले तांदूळ. लालसर, अर्धे मोडलेले. “हे खयचे?”

“मळ्यातले. दिवसभर हेच केलं. उद्या तुला चालणार नाहीत हे माहीत असून...”

“रव.” यशोदेने हात वर केला. “मळ्यात जोत कोणी धरललां?”

“जोत? माझ्या मळ्यात?” मलका हसली. “बैल उभा केला तर शेपटी विहिरीत जाईल. मीच खणला, कुदळीने...”

बोलता बोलता ती थांबली. यशोदा तिच्याकडे बघतेय. ती यशोदेकडे बघतेय.

“बैल नाय!” यशोदा.

“बैल नाही!” मलका.

“गो बाय माझे! बैलाचो पाय नाय ह्या तांदळाक!” यशोदेने तिचे दोन्ही हात धरले आणि फुगडीच घातली तिथे, विहिरीच्या चिखलात!

“थांबा!” हौसाबाई मध्ये उभी राहिली, वकिलासारखी. “असा नाय चलाचा. शेण कोणाचा घातलंस?”

“शेण नाही. राख. चुलीतली.”

“पाणी? बैलाच्या राटाचा?”

“कळशीचं. माझ्याच हाताचं.”

“दूध?”

“नारळाचा रस गो वन्सं! म्हशीचा थयसर काय काम?”

“गूळ!” हौसाबाईने शेवटचा घाव घातला. “गूळ उसाचो. उसाक नांगर आसा. घाण्याक बैल आसा.”

मलकाचा चेहरा पडला. गूळ नाही तर खीर कसली?

“माडाचो!” यशोदा एवढ्याने ओरडली की महादू पडवीतून धावत आला. “अहो, आरोंद्यासून माडाचो काळो गूळ हाडलात तो खंय आसा? शिंक्यार? माडीचो गूळ! माडार काय बैल चढता?”

महादूला काही कळलं नाही. पण तो गूळ काढायला पळाला.

“आता?” मलकाने विचारलं.

हौसाबाईने खूप शोधलं. आकाशाकडे बघणार होती, आठवलं म्हणून जमिनीकडे बघितलं. “मगे... नसात हरकत,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलकाच्या घरात ऊद जळला. बाजारचा दाणा न मिसळता त्या दोन ओंजळींची खीर झाली, काळ्या गुळाने अशी तांबूस की सॅमसन म्हणाला, ही खीर आहे की काढा? मलकाने त्याला चमचाही दिला नाही. प्रार्थना झाली आणि पहिली वाटी घेऊन ती वईपाशी गेली.

यशोदा आधीच उभी होती. न्हालेली, उपाशी, ओल्या केसांची.

“हाड हयसर!”

प्यायली. मिशी उमटली. मलका बघत होती.

“गॉड?”

“आज बरोबर आसा.”

मलकाने मोठा सुस्कारा टाकला. तोच यशोदेच्या खांद्यावरून एक नथ पुढे आली आणि नथीखालून एक रिकामी वाटी.

“माझीपण पंचमी आसा हां,” हौसाबाई म्हणाली. “मी काय उगीच तपासलंय सगळा?”

त्या वर्षी सॅमसनला खरवड मिळाली. आणि पुढच्या ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत, वईच्या पलीकडे यशोदा कुदळ घेऊन वाकली होती. तिच्या बाजूला एक चटई अंथरावी एवढीच जागा. महादू बैल सोडायला निघाला तेव्हा ती तिथूनच ओरडली,

“ओऽऽ! त्येंका हकडे हाडू नकात! हयसर खिरीचा शेत आसा!”